स्पायर मोटरस्पोर्ट्स: 2025 चा हिशेब आणि नव्या सीझनकडून अपेक्षा

डावं_वळण (शार्लट)

डेटोना 500 तोंडावर आली आहे, 15 फेब्रुवारी 2026 ला. नास्कारबद्दल, म्हणजे अमेरिकेतल्या स्टॉक कार शर्यतींबद्दल, आपल्याकडे चर्चा होते ती हेंड्रिक, गिब्ज आणि पेन्स्के या तीन मोठ्या टीम्सची. स्पायर या लहान टीमवर मराठीत कुणी लिहिलेलं माझ्या पाहण्यात नाही. मी ही टीम पहिल्या वर्षापासून बघतोय, आणि 2025 हा त्यांचा सगळ्यात चांगला सीझन होता असं माझं ठाम मत आहे. तिघांपैकी एकही ड्रायव्हर प्लेऑफमध्ये (विजेतेपदाच्या शेवटच्या टप्प्यात) गेला नाही आणि कप सीरिजमध्ये, म्हणजे नास्कारच्या सर्वांत वरच्या मालिकेत, एकही शर्यत जिंकली नाही, तरीही.

नव्या वाचकांसाठी थोडं मागचं सांगतो. डेन्व्हरची फर्निचर रो रेसिंग 2017 ला मार्टिन ट्रूएक्स ज्युनियरला घेऊन चॅम्पियन झाली आणि पुढच्याच वर्षी, स्पॉन्सर गेल्यावर, बंद पडली. त्यांचा चार्टर स्पायरने घेतला. स्पायरचे सहमालक जेफ डिकरसन तोवर ड्रायव्हरांचे एजंट होते, टीम चालवणारे नव्हते. 2019 ला 77 नंबरची गाडी उतरली आणि बहुतेक रविवारी ती मागच्या गाड्यांतच असायची. लोक उघड म्हणायचे की चार्टर अडकवून ठेवायचा, भाव वाढला की विकायचा, एवढाच यांचा बेत आहे.

त्याच वर्षी 7 जुलैला डेटोनाला जस्टिन हेली जिंकला. कपमधली त्याची ती तिसरीच शर्यत. मोठ्या अपघातात पुढच्या बऱ्याच गाड्या गेल्या आणि पिवळा झेंडा लागला. शर्यत लगेच सुरू होणार असं समजून पुढे असलेला कर्ट बुश पिटमध्ये गेला. हेली बाहेर थांबला. तेवढ्यात जवळपास वीज पडली, शर्यत थांबली, पाऊस आला, आणि 160 पैकी 127 लॅप्सवर निकाल जाहीर झाला. विजय खरा, ट्रॉफीही खरी. पण गाडीत जिंकण्याइतका वेग होता असं टीममधलाही कुणी म्हटला नसता.

2025 चं वेगळेपण नेमकं इथे आहे. फेब्रुवारीत अटलांटाला 77 चा ड्रायव्हर कार्सन होसेवार दुसरा आला. तो निकाल मी बाजूला ठेवतो, कारण अटलांटाला गाड्या झुंडीने पळतात आणि हवेच्या जोरावर कमी वेगाची गाडीही पुढे येऊ शकते. मे महिन्यात टेक्सासला मात्र त्याने पोल, म्हणजे सुरुवातीची पहिली जागा, घेतला. तिथे पोलसाठी गाडी एकटी पळते, पुढे-मागे कुणाचा आधार नसतो. 1 जूनला नॅशव्हिलला तो पुन्हा दुसरा. काँक्रीटचा ट्रॅक, सव्वा मैलापेक्षा थोडा मोठा, लांब हिरव्या झेंड्याखाली टायर जपत पळायचं. तिथे रायन ब्लेनी सोडून सगळे मागे राहिले. अशा ट्रॅकवर नशिबाने दुसरं येता येत नाही.

आणि दोन्हींच्या मध्ये, मेच्या शेवटच्या रविवारी, कोका-कोला 600. ही आमच्या घरची शर्यत. होसेवार पुढच्या गाड्यांत होता, लीडसुद्धा केलं होतं, आणि इंजिन गेलं. 77 च्या मागून धूर दिसला तेव्हा आमच्या रांगेत कुणी बोलेना. आजूबाजूचे सगळे काही त्याचे चाहते नव्हते. पण 600 मैलांच्या शर्यतीत लहान टीमची गाडी इतका वेळ आघाडीवर पाहिल्यावर कुणालाही वाईट वाटावं असंच ते होतं.

वेग आहे. गाडी शेवटपर्यंत पोचत नाही. स्पायरचं 2025 मला असं दिसलं. तुम्हाला?

फोर्टवर्थी

छान धागा. टेक्सासला मी होतो, म्हणून तिथलं थोडं सविस्तर लिहितो.

मी दरवेळी स्कॅनर भाड्याने घेतो. गाडीचा नंबर टाकला की ड्रायव्हर, क्रू चीफ (त्या गाडीच्या तांत्रिक टीमचा प्रमुख) आणि वर गच्चीवर उभा असलेला स्पॉटर यांचं बोलणं ऐकू येतं. दिवसभर 77 वर होतो, शेवटी स्पायरच्याच 71 वर गेलो, कारण तिचा ड्रायव्हर मायकल मॅकडॉवेल पुढे आला होता. टेक्सासची कथा होसेवारच्या पोलवर संपत नाही. शेवटच्या टप्प्यात 71 च्या टीमने पिटमधून लवकर बाहेर पडून आघाडी मिळवली होती. ताजे टायर असलेल्या गाड्या मागे, पुढे मॅकडॉवेल, आणि उरलेल्या लॅप्स थोड्याच. स्पॉटर एका सुरात सांगत होता, आत आहे, बाहेर आहे, मोकळा आहे. त्याचा आवाज चढत नव्हता. माझेच हात थरथरत होते.

जोई लोगानोने गाठलं. गाठलं ते गाठलं, पण मॅकडॉवेल दुसरा-तिसरा आला असता तरी त्या दिवशी सोनं झालं असतं. तो लढत राहिला, दुसऱ्या गाडीच्या हवेत त्याची गाडी सटकली आणि भिंतीला गेली. लोगानो जिंकला. पोल घेणारी टीम, शेवटच्या टप्प्यात आघाडीवर असलेली टीम, आणि रात्री घरी जाताना हातात काही नाही.

तुमच्या "शेवटपर्यंत पोचत नाही" याला म्हणून माझं अर्धंच अनुमोदन. शार्लटला यंत्राने दगा दिला. टेक्सासला तसं नव्हतं. ती जिंकायला गेलेली गाडी होती. अशी टीम भिंतीवर गेली तरी मला चालेल. 2020 ला ते टायर जपून विसावे यायला बघायचे.

हडपसर_एक्सप्रेस

वाचतोय. मी एफ वन बघणारा, नास्कार नवीन आहे. दोन प्रश्न. चार्टर म्हणजे नक्की काय? आणि लहान टीम म्हणताय, तर हेंड्रिकसारख्या टीमच्या तोडीचा वेग यांच्याकडे आला कुठून?

डावं_वळण (शार्लट)

चार्टर म्हणजे दर रविवारी शर्यतीत हमखास जागा आणि बक्षिसाच्या रकमेत ठरलेला वाटा. 2016 ला ही पद्धत आली, एकूण 36 चार्टर. चार्टर नसेल तर उरलेल्या मोजक्या जागांसाठी झगडायचं, आणि पैसेही फार कमी.

वेगाचं उत्तर 2022 च्या नव्या गाडीत आहे. पूर्वी प्रत्येक टीम आपली चासी (गाडीचा सांगाडा) स्वतः बनवायची, म्हणजे ज्याच्याकडे पैसा त्याच्याकडे चांगली चासी. नव्या गाडीत चासी, गिअरबॉक्स, चाकं, बहुतेक सगळे भाग ठरलेल्या पुरवठादारांकडूनच घ्यावे लागतात. इंजिन स्पायर हेंड्रिककडून घेते, तांत्रिक मदतही त्यांचीच. 2025 ला काइल लार्सन चॅम्पियन झाला तो त्याच हेंड्रिकच्या इंजिनावर. आता फरक उरतो तो इंजिनिअर किती आणि कसे, सिम्युलेशन किती चांगलं, आणि पिट क्रू चार चाकं बदलायला किती सेकंद घेतो यात. यातलं काहीच स्वस्त नाही, पण माणसं नेमून आणि तयार करून ते जमवता येतं. मला सर्वांत आशा वाटते ती यामुळेच.

बँकेतला_बाप्या (शार्लट)

चार्टरच्या पैशाबद्दल थोडी भर, हा भाग माझ्या आवडीचा आहे.

2023 ला स्पायरने लिव्ह फास्ट या टीमचा चार्टर घेतला तो 4 कोटी डॉलरला, असं तेव्हा सगळीकडे छापून आलं होतं. त्याच वर्षी काइल बुशची ट्रक टीमही विकत घेतली, मूर्सव्हिलच्या कारखान्यासकट. 2024 ला दोनाच्या तीन गाड्या झाल्या. डॅन टॉव्रिस मालकीत आले, आणि टीडब्ल्यूजी मोटरस्पोर्ट्सच्या छत्राखाली ही टीम आहे. हडपसर, तुमच्या एफ वनमध्ये यंदा उतरणारी कॅडिलॅक टीम त्याच घरची.

स्पष्टच सांगतो, "लहान टीम" हे बिरूद आता काढायला हवं. हेंड्रिकच्या चार गाड्या आणि चाळीस वर्षांचा अनुभव यांच्यासमोर स्पायर लहान आहेच. पण पैशाची अडचण म्हणून गाडी मागे राहते असं 2025 नंतर म्हणता येत नाही. डिसेंबरमध्ये 23 एक्सआय आणि फ्रंट रो या टीम्सचा नास्कारविरुद्धचा खटला तडजोडीने मिटला आणि चार्टर कायमचे झाले. स्पायर त्या खटल्यात नव्हती, तरी फायदा त्यांनाही झालाच. ज्यांना लोक चार्टर विकून जातील म्हणत होते, त्यांच्या हातात आता कायमची मालमत्ता आहे आणि ते गाड्या वाढवतायत. डिकरसन यांना याचं श्रेय द्यायलाच हवं.

पण श्रेयाबरोबर अपेक्षाही वाढते. यंदा "चांगले पळालो" एवढ्यावर मी समाधानी राहणार नाही.

निळा_झेंडा

सगळे वेगाबद्दल बोलतायत, म्हणून मी दुसरी बाजू मांडते.

होसेवार जोरात गाडी चालवतो यात शंका नाही. 2024 ला रुकी ऑफ द इयर, त्या वर्षी वॉटकिन्स ग्लेनला तिसरा. पण 2024 ला नॅशव्हिलला पिवळ्या झेंड्याखाली त्याने हॅरिसन बर्टनची गाडी मागून वळवली. पिवळा झेंडा म्हणजे सगळे हळू चाललेले असतात, ट्रॅकवर कामगार असू शकतात. 25 गुण आणि 50,000 डॉलर दंड झाला, तो योग्यच. 2025 ला अटलांटानंतर काइल बुशसकट कितीतरी ड्रायव्हर त्याच्यावर भडकले होते. नॅशव्हिलच्या ज्या दुसऱ्या क्रमांकाचं कौतुक वर चाललंय, त्याच शर्यतीत त्याने रिकी स्टेनहाउसला भिंतीत घातलं. दोन आठवड्यांनी मेक्सिको सिटीत पुन्हा स्टेनहाउसच, आणि शर्यत संपल्यावर स्टेनहाउस त्याच्या गाडीच्या खिडकीपाशी येऊन काय बोलला ते सगळ्यांनी ऐकलं. त्यातच मेक्सिको सिटीबद्दल लाइव्ह बोलताना तो जे बोलला त्यासाठी टीमने स्वतः त्याला 50,000 डॉलर दंड केला. त्याने माफी मागितली हे खरं, पण तिथल्या लोकांनी आपल्याला घरी बोलावलंय आणि आपण त्यांच्या शहराला नावं ठेवतोय, हे 22 वर्षांच्या माणसाला कळायला हवं होतं.

माझा मुद्दा फक्त नैतिकतेचा नाही, गुणांचाही आहे. ज्याला सगळे शत्रू मानतात त्याला शेवटच्या दहा लॅप्समध्ये कुणी वाट देत नाही. झुंडीच्या ट्रॅकवर मागून कुणीतरी ढकलल्याशिवाय जिंकता येत नाही. मग होसेवारला ढकलणार कोण?

फोर्टवर्थी

निळा झेंडा ताई, बर्टनच्या प्रकरणात तुमच्याशी पूर्ण सहमत. त्याचं समर्थन होऊच शकत नाही.

पण बाकीच्या धडकांना मी तोच रंग देणार नाही. त्यातल्या बऱ्याच जागा नाही तिथे नाक खुपसण्याच्या आहेत, मुद्दाम केलेल्या नाहीत. मोठ्या टीमचा ड्रायव्हर पाचव्या क्रमांकावरून सुरू करतो, त्याला घाई नसते. होसेवार बरेचदा पंचविसाव्या जागेवरून सुरू करतो आणि गाडी दहाव्या क्रमांकाच्या लायकीची असते. पंधरा गाड्या ओलांडायच्या म्हणजे पंधरा वेळा कुणाच्या तरी शेजारी घुसायचं. क्वालिफाइंग (सुरुवातीची जागा ठरवणारी फेरी) सुधारलं तर निम्म्या तक्रारी आपोआप कमी होतील असं मला वाटतं. ल्यूक लँबर्ट शांत क्रू चीफ आहे. रेडिओवर तो होसेवारवर चिडलेला मी कधी ऐकला नाही. असा माणूस बरोबर असणं हे त्या पोराचं भाग्य.

निळा_झेंडा

क्वालिफाइंगचा मुद्दा मान्य. पण शिकागोला तिसऱ्याच लॅपला 77 भिंतीला गेली आणि मागच्या कितीतरी गाड्या तिच्यावर येऊन आदळल्या. तिथे घाई कशाची होती? रस्त्यावरचा ट्रॅक, ओलांडायला जागा कमी, हे सगळ्यांनाच माहीत होतं.

मागची_रांग

शिकागोचा विषय निघालाच आहे तर 71 चं लिहितो, तिच्याकडे फार कमी लोक बघतात.

शेन व्हॅन गिस्बर्गन पोलवर होता. रस्त्याच्या ट्रॅकवर त्याला हात लावणारा नास्कारमध्ये कुणी नाही असं सगळे म्हणतात. मॅकडॉवेलने सुरुवातीलाच त्याला ओलांडलं आणि 31 लॅप्स आघाडी धरून ठेवली. व्हॅन गिस्बर्गन मागे होता आणि त्याला जवळ येता येत नव्हतं. मग थ्रॉटलमध्ये बिघाड झाला आणि सगळं संपलं.

मॅकडॉवेल आता 41 चा आहे. 2021 ची डेटोना 500 त्याने फ्रंट रोसाठी जिंकली ती 358 व्या शर्यतीत. 2023 ला इंडियानापोलिसच्या रोड कोर्सवर जिंकला तेव्हा 82 पैकी 54 लॅप्स तोच पुढे होता. ट्रॅव्हिस पीटरसन हा क्रू चीफ त्याच्याबरोबर तिथून स्पायरला आला. ही जोडी जुळलेली आहे. शिकागोला आणि टेक्सासला तेच दिसलं. इंजिन, थ्रॉटल असल्या गोष्टींवर काम झालं तर यंदाचा पहिला विजय 71 चा असेल, 77 चा नाही, असं माझं मत.

सातवा_नंबर

हेलीबद्दल कुणीच बोललं नाही याचं वाईट वाटलं.

या टीमला पहिला विजय त्याने दिला. मधे दुसरीकडे गेला, 2024 च्या सप्टेंबरमध्ये कॉरी लाजोईशी अदलाबदल होऊन परत आला. 2025 साठी त्याला रॉडनी चाइल्डर्स मिळाले, 2014 ला केव्हिन हार्विकला चॅम्पियन करणारे क्रू चीफ. जानेवारीत सगळीकडे हीच चर्चा होती. नऊ शर्यतींनंतर चाइल्डर्स बाहेर पडले. नवा क्रू चीफ, नवी पद्धत, तेही सीझनच्या मध्यात. त्यानंतर 7 नंबरची गाडी सावरलीच नाही, आणि वर्षाअखेर हेलीची जागा गेली. तो आता नास्कारच्या ट्रक सीरिजमध्ये दिसेल.

टीमच्या प्रगतीचा हिशेब मांडताना हेही मांडा. तीनपैकी एक गाडी वर्षभर मागे राहिली, आणि दोष एकट्या ड्रायव्हरवर गेला. क्रू चीफ आणि ड्रायव्हर एकमेकांना समजून घ्यायला वर्ष लागतं. त्यांना एप्रिलसुद्धा पुरा मिळाला नाही.

बँकेतला_बाप्या (शार्लट)

सातवा नंबर, तुमचं बरोबर आहे. तिसरी गाडी घाईने वाढवली की असं होतं. पैसे आले, चार्टर आला, पण तिसऱ्या गाडीला लागणारी पंचवीस-तीस अनुभवी माणसं एका वर्षात तयार होत नाहीत.

कोल्हापुरी_कार्ट

मी अमेरिकेत राहत नाही, पण आमच्याकडे कोल्हापुरात कार्टिंगचं वेड जुनं आहे, लहानपणापासून ट्रॅकवर वाढलोय. त्यामुळे धक्का देऊन पुढे जाणं आणि धक्का लागून जाणं यातला फरक ओळखता येतो. फोर्टवर्थी यांच्याशी सहमत.

आणखी एक आठवण. 2010 ला नरेन कार्तिकेयन नास्कारच्या ट्रक सीरिजमध्ये उतरला होता, वायलर रेसिंगकडून. मार्टिन्सव्हिलला पहिल्याच शर्यतीत 13 वा आला. त्या वर्षीचा लोकप्रिय ड्रायव्हरचा पुरस्कार चाहत्यांच्या मतांवर त्याला मिळाला. इथून आम्ही पोरांनी रात्र रात्र मतं टाकली होती. तीही लहान टीम होती आणि तिचा पैसा फार टिकला नाही. स्पायरची ट्रक टीम बघताना मला नेहमी तो सीझन आठवतो. 2025 ला त्यांच्या ट्रकमधून बुश अटलांटाला, लार्सन होमस्टेडला, होसेवार कॅन्ससला जिंकले, आणि राजा कारुथ नॅशव्हिलला. राजा कारुथचा विजय मला सगळ्यात आवडला, कारण तो पोरगा सिम्युलेटरवर शिकून इथवर आलाय.

निळा_झेंडा

कारुथबद्दल अगदी मनातलं बोललात.

7 नंबरमध्ये यंदा डॅनियल सुआरेझ येतोय, त्यावर कुणी लिहा ना. मेक्सिकोचा, माँतेरेचा. होसेवारच्या त्या प्रकरणाच्याच आठवड्यात मेक्सिको सिटीत एक्सफिनिटीची (कपच्या खालच्या सीरिजची) शर्यत तो जिंकला होता आणि स्टँडमधले लोक रडत होते. होसेवारने नाव ठेवलं ते त्याच्या देशाच्या राजधानीला. आता दोघं एकाच कारखान्यात. मला वाटतं टीमने सुआरेझला घेऊन चांगलं काम केलंय. 2016 ला एक्सफिनिटीचा चॅम्पियन, 2024 ला अटलांटाला तीन गाड्या शेजारी शेजारी असताना 0.003 सेकंदाने जिंकलेला. होसेवारला समोर बसवून दोन गोष्टी सांगण्याचा अधिकार त्याच्याइतका दुसऱ्या कुणालाच नाही.

हडपसर_एक्सप्रेस

खूप माहिती मिळाली, सगळ्यांचे आभार. डेटोना बघायची ठरवतोय. आपल्याकडे किती वाजता? आणि पहिल्यांदा बघणाऱ्याने स्पायरच्या गाडीत काय बघावं?

डावं_वळण (शार्लट)

हडपसर, आमच्याकडे दुपारी अडीचची वेळ आहे, म्हणजे तुमच्याकडे रविवारी मध्यरात्र उलटून 1 वाजता. चित्र मिळालं नाही तर एमआरएनचं रेडिओ समालोचन नेटवर ऐकता येतं, मला तेच जास्त आवडतं.

सगळ्यांचं वाचून माझं मत थोडं पक्कं झालं, ते नव्या नियमांमुळे. गेल्या वर्षापर्यंत एक शर्यत जिंकली की प्लेऑफ मिळायचा. लहान टीम डेटोना आणि टॅलाडेगावर सगळं लावायची, बाकी वर्ष कसंही गेलं तरी चालायचं. यंदा चेस परत आलाय. 26 शर्यतींनंतर गुणांप्रमाणे पहिले 16 आत, पुढच्या 10 शर्यतींत फैसला. विजयाचे गुण 40 वरून 55 झालेत, पण नुसता विजय तुम्हाला आत नेणार नाही. 600 ला इंजिन गेलं तेव्हा होसेवारचे तीसेक गुण गेले. शिकागोला मॅकडॉवेलचेही तेवढेच. असे चार रविवार वाचवले तर सोळावा नंबर आवाक्यात येतो, आणि निळा झेंडा म्हणतात त्या धडका कमी झाल्या तर आणखी सोपं. बाप्या, तुमच्या अपेक्षेचं माप मी हेच धरतो. निदान एक गाडी चेसमध्ये, नाहीतर प्रगती थांबली असं समजायचं. विजय न मिळता हे जमलं तरी मला चालेल.

एक विनंती. डेटोना आणि 22 तारखेच्या अटलांटावरून टीमला डोक्यावर घेऊ नका आणि शिव्याही देऊ नका, दोन्हीकडे झुंडीची शर्यत आहे. 1 मार्चला ऑस्टिनचा रोड कोर्स, तिथे 71 बघा. मग 8 मार्चला फीनिक्स, तिथे यंदा इंजिनाची ताकद वाढवून 750 अश्वशक्ती केली आहे, आणि 15 ला लास वेगास, दीड मैलाचा, टेक्सास-शार्लटच्या जातीचा. त्या रविवारी तिन्ही गाड्या कितव्या जागेवरून सुटल्या, कितव्या आल्या आणि किती गुण साठले ते मी इथेच टाकतो. फोर्टवर्थी, तुम्ही वेगासला जाणार असाल तर स्कॅनरवर 7 नंबर लावा, सुआरेझ आणि त्याच्या क्रू चीफचं कसं जुळतंय ते टीव्हीवर कळणार नाही.

फोर्टवर्थी

वेगासचं तिकीट काढलंय. 7 आणि 77 दोन्ही ऐकतो, रात्री लिहितो.